दोन बोटांचं अंतर : खाली बसवलेल्या गाडीला डॅम्पर निवडण्याची कृती

साहित्य : चाकणला तयार झालेली एक फोक्सवॅगन पोलो (दुसरी कुठलीही हॅचबॅक चालेल, पण मग हौशींच्या ग्रुपवर मान मिळत नाही), लोअरिंग स्प्रिंगांचा एक संच, भरपूर शिल्लक असलेलं क्रेडिट कार्ड, घरच्यांची संमती (ऐच्छिक) आणि धडधाकट मणका.

कृती : सर्वप्रथम गाडी खाली करून घ्यावी. डॅम्पर, म्हणजे गॅरेजवाले ज्याला शॉकअप म्हणतात तो, या टप्प्यावर मनातही आणू नये. कंपनीने पोलो भारतातल्या रस्त्यांसाठी मुद्दाम उंच ठेवली होती. हा अपमान आधी धुऊन काढायचा. टायर आणि वरची कमान यांच्यामध्ये हाताची बोटं घालून बघावीत. चार बोटं आरामात जात असतील तर गाडी ‘स्टॉक’ आहे आणि ती सोसायटीच्या दर्शनी भागात लावू नये. दोनच बोटं जायला हवीत. या मापाला अभियांत्रिकीत कसलाही आधार नाही, पण फोटो चांगला येतो.

स्प्रिंग बदलून गाडी चाळीस मिलिमीटर खाली आली, रात्री टेकडीवर जाऊन फोटो काढून झाले, की परतीच्या वाटेवर पहिल्या खड्ड्यात खालून ‘ठक्’ असा आवाज येतो. आता डॅम्परचा विचार सुरू करावा. वरातीमागून घोडं आणायची ही पद्धत देशभरातल्या हौशी मंडळींनी एकमताने स्वीकारलेली आहे.

तो ‘ठक्’ नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण पुढचा सगळा खर्च त्याच्यापायीच होतो. डॅम्पर गाडीला उचलून धरत नाही. उचलून धरते ती स्प्रिंग. चाक वर गेलं की स्प्रिंग दबते, ताकद साठवते आणि लगेच परत करायला बघते. डॅम्परच्या आत एक पिस्टन असतो. तो तेलातून वरखाली होतो, तेल बारीक छिद्रांतून आणि पातळ पोलादी चकत्यांच्या झडपांमधून रेटलं जातं आणि स्प्रिंगने परत केलेली हालचाल उष्णतेत जिरते. डॅम्पर नसता तर गतिरोधक मागे पडून गेल्यावरही गाडी डुलत राहिली असती. मात्र हे सगळं काम करायला पिस्टनला जागा लागते. समजा, तुमच्या गाडीत चाकाला वर जायला, रबरी फोमच्या ठोकळ्याला म्हणजे बंप स्टॉपला टेकेपर्यंत, साठ मिलिमीटर जागा होती. त्यातले चाळीस तुम्ही फोटोला दिलेत. उरले वीस. जो धक्का साठ मिलिमीटरात जिरायचा तो आता विसात जिरवायचा, तर सरासरी बळ तिप्पट लागतं. ते बळ ना तुमच्या नव्या स्प्रिंगकडे आहे ना जुन्या डॅम्परकडे. म्हणून गाडी बंप स्टॉपवर आदळते आणि मालक म्हणतो, ‘जरा स्टिफ झाली आहे, पण मजा येते!’

इथे गॅरेजचे उस्ताद एक उपाय सुचवतात. ‘दादा, तो फोम अर्धा कापून टाकू का? आवाज बंद होईल.’ आवाज खरंच बंद होतो, काही काळ. काही स्प्रिंग बनवणारे स्वतःच इतका इतका बंप स्टॉप कापा असं पत्रकात छापतात, तेव्हा मापाने कापणं ठीक. पण पत्रक न वाचता ब्लेड चालवलं तर फोमऐवजी डॅम्परच्या आतला पिस्टन तळाला टेकायला लागतो. मग तेलाचं सील जातं आणि तेलही गेलं तूपही गेलं, हाती राहिलं ते धुपाटणं दर सर्व्हिसला बदलावं लागतं.

स्प्रिंगचेच वेढे कापून गाडी खाली करणाऱ्यांसाठी या लेखात काही नाही. त्यांनी टायरच्या दुकानात खातं उघडावं.

आता थोडं गणित. नवशिक्याने ते टाळावं अशी प्रथा आहे, म्हणून थोडक्यात उरकतो. पुढच्या एका चाकामागे स्प्रिंगवर पडणारं वजन ३२० किलो धरू आणि चाकाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा दर मिलिमीटरला २० न्यूटन. हा आकडा फक्त समजण्यापुरता. अशी गाडी सेकंदाला साधारण सव्वा वेळा वरखाली होऊ बघते. लोअरिंग स्प्रिंग सहसा थोडीच कडक असते. पंचवीस टक्के जास्त कडक धरली, तरी पूर्वीइतकाच आवर राखायला डॅम्पिंग वाढवावं लागतं ते फक्त बारा टक्के, कारण ते वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतं. म्हणजे ‘स्प्रिंग कडक झाली म्हणून डॅम्पर हवेत’ हे दुकानात सांगितलं जाणारं कारण बऱ्यापैकी लंगडं आहे. खरं कारण उरलेल्या वीस मिलिमीटरचं. आणि दुसरं म्हणजे, तुमचे मूळ डॅम्पर साठ-सत्तर हजार किलोमीटर पळून आधीच म्हातारे झालेले असतात. नवी स्प्रिंग आली म्हणून त्यांचं वय उघडं पडतं, इतकंच.

तेच कॉइलओव्हर, म्हणजे कड्या फिरवून उंची बदलता येणारा स्प्रिंग-डॅम्परचा जोड, घेऊन कडकपणा तिपटीवर, म्हणजे मिलिमीटरला ६० न्यूटनवर नेला, तर गाडी सेकंदाला दोनाहून जास्त वेळा हलू लागते आणि डॅम्पिंग सुमारे त्र्याहत्तर टक्के जास्त लागतं. इथे मात्र जुन्या डॅम्परने भागत नाही. कॉइलओव्हर विकणारे ज्याला ‘सहा के’ म्हणतात ती साधारण हीच स्प्रिंग : मिलिमीटरला सहा किलो. ट्रॅकवर हा आकडा शोभतो. सेकंदाला दोन वेळा हलणाऱ्या गाडीत मागच्या सीटवर आईला बसवून कोथरूडहून हडपसरला नेऊन बघावं. परत येताना ती रिक्षाने येईल.

गाडी खाली केली की ती वळणावर कमी कलते, हा आपल्या संप्रदायाचा मूळ मंत्र. गुरुत्वमध्य खाली येतो हे खरं. पण पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे चाक वरून डॅम्परने आणि खालून एका आर्मने धरलेलं. गाडी खाली बसली की खालचा आर्म आडव्याच्या पलीकडे झुकतो आणि रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू, गाडीपेक्षा जास्त अंतराने खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं. तेच अंतर गाडीला कलवणारी तरफ असतं. परिणामी स्प्रिंग तितकीच कडक ठेवून मॅकफर्सनची गाडी फार खाली आणली, तर ती पूर्वीपेक्षा जास्त कलू शकते. यावर लांब बॉल जॉइंटचा इलाज आहे आणि तो विकणारेही आहेत. हा परिच्छेद ग्रुपवर टाकू नये. लोकांची मनं दुखावतात.

आता मुख्य खरेदी.

पहिली निवड रंगावरून करावी. कोनीचे स्पोर्ट डॅम्पर पिवळे. बिलस्टाइनचे पिवळे. ओहलिन्सचं अंग सोनेरी आणि स्प्रिंग पिवळी. या तिघांना एकच रंग सापडावा हा योगायोग आहे, पण टेनचा हिरवा घेतलात तर जेजुरीचा भंडारा लागल्याचं समाधान मिळत नाही. कोनीचं घराणं जुनं : नेदरलँड्समध्ये १८५७ साली घोड्यांचा साज बनवण्यापासून सुरुवात झाली, म्हणजे आपल्याकडे उठाव चालू असताना. ओहलिन्स स्वीडनची, १९७६ ची, मोटोक्रॉसच्या मोटारसायकलींपासून वर आलेली. बिलस्टाइन जर्मन. बूर्सिये द कार्बों या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या कल्पनेवरचा एकनळी गॅस डॅम्पर त्यांनी १९५० च्या दशकात मोटारींत रुजवला. एवढी माहिती पाठ असली की बोनेटवर हात ठेवून बोलता येतं.

एकनळी का दोननळी, या वादात नवशिक्याने ठामपणे एकनळीची बाजू घ्यावी आणि कारण विचारलं तर ‘हीट’ म्हणावं. कारण खरंच तेच आहे. दोननळी डॅम्परमध्ये आतल्या नळीत पिस्टन आणि बाहेरच्या नळीत जास्तीचं तेल व थोड्या दाबाचा गॅस असतो. तेल सतत ढवळलं गेलं की त्यात फेस होऊ शकतो आणि फेसातून जाणारा पिस्टन काहीच आवरत नाही. एकनळीत एक तरंगता पिस्टन तेल आणि गॅस वेगळे ठेवतो, गॅसचा दाब वीस-पंचवीस बार असतो आणि नळीची भिंत थेट हवेला लागून असल्यामुळे ती लवकर थंड होते. उणी बाजू अशी की त्या नळीला बाहेरून दगडाचा पोचा बसला तर आतला पिस्टन अडकतो. पण या वादात सहसा न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे डॅम्पर तापतो तो रस्त्याच्या खडबडीने. गुळगुळीत ट्रॅकवर त्याला तुलनेने आराम असतो. खरी परीक्षा रॅलीत आणि पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर. उत्तम बनवलेला दोननळी डॅम्पर स्वस्तातल्या एकनळीला सहज भारी पडतो. तुम्ही मात्र ‘हीट’च म्हणा.

यानंतर येतात क्लिक. डॅम्परच्या टोकाला एक खुंटी असते. ती फिरवली की टिक-टिक आवाज येतो आणि माणसाला आपण अभियंता झाल्यासारखं वाटतं. तीस क्लिकचा डॅम्पर दहा क्लिकवाल्यापेक्षा तिप्पट चांगला असतो, असं नवशिक्याने मानावं. प्रत्यक्षात एकाच खुंटीच्या डॅम्परमध्ये ती खुंटी बहुधा रिबाउंड, म्हणजे दांडा बाहेर येतानाचा आवर, बदलते, किंवा रिबाउंड आणि बंप (दांडा आत जातानाचा आवर) दोन्ही एकदमच बदलते. तीसपैकी बरेच क्लिक एका टोकाला गर्दी करून उभे असतात. तिथे पाच क्लिक फिरवूनही काही होत नाही आणि दुसऱ्या टोकाला एका क्लिकने गाडीचा स्वभाव पालटतो. खरी माहिती आलेखात असते : डॅम्पर यंत्रावर चढवून वेगवेगळ्या वेगांना तो किती बळ लावतो हे मोजतात आणि त्याची रेघ काढतात. दोन क्लिकच्या रेघा एकमेकींवर पडत असतील तर मधल्या क्लिकचे पैसे आवाजाचे.

आलेखावर ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ असे दोन प्रदेश असतात आणि इथे नवशिके हमखास घसरतात. हा वेग गाडीचा नव्हे, पिस्टनचा. ताशी १४० ने लांब वळण घेताना गाडी सावकाश कलते, पिस्टन सेकंदाला काही सेंटिमीटर सरकतो. ते लो स्पीड. आणि गल्लीत ताशी वीसने एका रात्रीत उगवलेल्या गतिरोधकावर चढलात की पिस्टन भणाणतो. ते हाय स्पीड. स्टिअरिंगला गाडी किती तडफेने उत्तर देते हे बरंचसं लो स्पीडवर ठरतं. दात शाबूत राहतात का, हे हाय स्पीडवर. चांगल्या डॅम्परची किंमत इथेच वसूल होते : त्याची रेघ सुरुवातीला झपकन चढते आणि मग आडवी व्हायला लागते. म्हणजे वळणावर तो घट्ट धरतो आणि खड्ड्यात सोडून देतो. स्वस्तातला ‘स्पोर्ट’ डॅम्पर दोन्हीकडे सारखाच घट्ट असतो. दुकानाबाहेर गाडी हाताने दाबून बघणाऱ्याला तो फार आवडतो. हाताने दाबण्याच्या त्या परीक्षेत मेलेला डॅम्पर ओळखू येतो. जिवंत दोघांत डावंउजवं करता येत नाही.

तरीही खुंटी हाताशी आहे, तर फिरवायची कशी? प्रथेप्रमाणे सगळ्या चाकांवर पूर्ण कडक. बोरघाटातल्या रंबल स्ट्रिपवर मग याचं फळ मिळतं. रिबाउंड अति कडक असला की पहिल्या पट्टीने दाबलेलं चाक परत खाली यायच्या आत दुसरी पट्टी येते, मग तिसरी. गाडी पट्टीगणिक खाली खाली बसत जाते, शेवटी बंप स्टॉपवर टेकते आणि चाकाची रस्त्याशी ओळख राहत नाही. मालकाला वाटतं, रस्ता खराब आहे. वेगळा प्रयोग करणाऱ्याने पूर्ण मऊपासून सुरुवात करावी, एका वेळी दोन-तीन क्लिक वाढवावेत, रस्ता तोच ठेवावा आणि गाडी डुलायची थांबली की तिथेच थांबावं. या पद्धतीत दाखवण्यासारखं काही नाही, त्यामुळे ती फारशी पसरली नाही.

एक पाच पैशांचं अवजार मात्र सांगून ठेवतो. डॅम्परचा दांडा उघडा दिसत असेल तर त्यावर प्लास्टिकचा केबल टाय हलकासा बांधावा, खाली सरकवावा आणि नेहमीच्या रस्त्याने चक्कर मारून यावी. टाय कुठवर ढकलला गेला ते पाहिलं की चाकाने किती प्रवास केला आणि किती शिल्लक आहे हे कळतं. टाय रोज बंप स्टॉपमध्ये घुसून बसलेला सापडत असेल, तर गाडी स्प्रिंगवर नव्हे, फोमवर चालली आहे. पुढची चाकं वळणावर फोमवर टेकली की पुढचा भाग अचानक ताठ होतो आणि गाडी स्टिअरिंगचं ऐकेनाशी होते. मागची टेकली तर शेपूट सुटते. हे ट्रॅकवर कळलेलं बरं, बाजूला मोकळी जागा असते.

ट्रॅकचं नाव निघालं म्हणून. ‘स्ट्रीट आणि ट्रॅक दोन्हीसाठी’ हे शब्द तुम्ही दुकानात उच्चारणार, हे धरूनच दुकानदार बसलेला असतो. पुण्याहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक किंवा कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे, दोन्ही बाराशे किलोमीटरच्या आसपास. गाडी चालवत नेली आणि आणली तर चोवीसशे. चेन्नईच्या ट्रॅकची एक फेरी सुमारे ३.७ किलोमीटरची. दिवसभरात तीस फेऱ्या मिळाल्या तर एकशे अकरा किलोमीटर झाले. म्हणजे ज्या एकशे अकरा किलोमीटरसाठी तुम्ही डॅम्पर घेताय, त्यांच्या वीसपटीहून जास्त अंतर त्याच डॅम्परवर ट्रकच्या मागे, डायव्हर्जनच्या खडीवरून आणि ढाब्याच्या उतारावरून कापायचं आहे. आणि वर्षातले उरलेले दिवस सिंहगड रोड आहेच. दोन डगरींवर पाय ठेवायचाच असेल तर जड पाय रस्त्यावर ठेवावा. रस्त्याला बसणारा डॅम्पर ट्रॅकवर सेकंद-दोन सेकंद हळू पडेल. ट्रॅकला बसणारा डॅम्पर रस्त्यावर घरात भांडणं लावतो.

उंचीचंही तसंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ ने ओलांडण्यासाठी. त्याची गोलाई इतकी सपाट असते की पुढची-मागची चाकं त्याच्यावर असताना मधला फुगवटा पोलोच्या पोटाकडे जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो. बरीच खाली केलेली गाडीही त्यावरून सुखाने जाईल. आता तुमच्या गल्लीतला गतिरोधक टेपने मोजून या. नियमाप्रमाणे निघाला तर त्याला हार घाला. नाहीतर उंचीची शेवटची पंधरा मिलिमीटर परत करा. ती परत केली की डॅम्परला काम करायला जागा मिळते आणि महागड्या डॅम्परची निम्मी गरज तिथेच संपते. कॉइलओव्हरच्या कड्या यासाठीच फिरतात. लोक त्या एकाच दिशेने फिरवतात.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आणि विम्याची पॉलिसी ही दोन वाचनं खरेदीआधी करावीत. प्रथा खरेदीनंतर करण्याची आहे.

आता राहिली प्रत्यक्ष मागणी. गाडी पंचवीस-तीस मिलिमीटरच खाली असेल, तर कॉइलओव्हरचा नाद सोडा. खाली केलेल्या गाडीसाठीच बनवलेले आखूड दांड्याचे डॅम्पर मिळतात. बिलस्टाइनचा ‘बी८’ हा त्यातलाच प्रकार. त्यांच्यात गमावलेली जागा थोडी परत मिळते आणि चाक लटकलं तरी स्प्रिंग सैल होऊन खोबणीतून निसटत नाही. लांब मूळ डॅम्परवर आखूड स्प्रिंग चढवली तर ती निसटू शकते आणि हा विनोदाचा विषय नाही. उंची खरोखर कमी-जास्त करायची असेल, स्लिक टायर लावायचे असतील, ट्रॅकवर नेमाने जाणं होत असेल, तरच कॉइलओव्हर. त्यातही एक किंवा दोन खुंट्यांचे पुरे. चार खुंट्यांचे घेतलेत तर चुकीची मांडणी करण्याच्या वाटा इतक्या वाढतात की बरोबर मांडणी सापडेपर्यंत मोसम संपतो.

सेकंडहँड घेताना डॅम्पर आडवा धरून बघू नका. उभा धरा, दांडा पूर्ण दाबा आणि सोडा. एकनळी गॅसचा असेल तर दांडा आपणहून, सावकाश, न अडखळता बाहेर आला पाहिजे. दांड्यावर बोट फिरवा. क्रोमवर खरखर लागली तर ते सील आज ना उद्या फाडणार. अंगावर तेलाचा ओला डाग असेल तर विकणारा म्हणेल की ग्रीस आहे. हसून निघून या.

आणि नवे घेताना विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारा : माझ्या गाडीच्या वजनाला आणि याच स्प्रिंगला धरून याचा आलेख आहे का? माझ्या उंचीला बंप स्टॉपपर्यंत किती मिलिमीटर उरतात? सील गेलं तर भारतात कोण उघडून देतो? तिन्हींची उत्तरं मिळाली तर पैसे द्या, रंग कुठलाही असो. पहिल्याच प्रश्नाला ‘सर, तीस क्लिक आहेत’ असं उत्तर आलं, तर त्या पैशांत चार चांगले टायर, नवे बुश आणि अलाइनमेंट करून घ्या. गाडी ट्रॅकवर त्यानेच जास्त वेगाने फिरेल.